आठव्या दिवसानंतरची फेरी

देवजी भोये हा जामसरचा. जव्हारचं संस्थान होतं तेव्हा सातवीच्या परीक्षेत तो संस्थानात पहिला आला होता, आणि पुढे मोखाड्याच्या डोंगरात पाड्यापाड्यांवर लोक त्याला ‘देवीडाक्तर’ म्हणू लागले. तो डॉक्टर नव्हता. देवीची लस टोचणं एवढंच त्याचं काम. सरकारी कागदावर त्याचा हुद्दा ‘व्हॅक्सिनेटर’ असा लिहिलेला असे, पण तो शब्द डोंगरात कुणाच्या जिभेवर बसलाच नाही.

खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात पितळी दांडीची टोचणी, आणि कमरेला बांबूचं एक नळकांडं. त्या नळकांड्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लसीच्या काचेच्या नळ्या. उन्हानं लस मरते, म्हणून वाटेत लागेल त्या ओहोळात तो फडकं भिजवून घ्यायचा. टोचणीच्या टोकाला दातेरी चक्र असे. ते दंडावर टेकवून फिरवलं की पोरं किंचाळायची. मग देवजी तोंडानं होला पाखराच्या घुमण्याचा आवाज काढायचा, इतका हुबेहूब की पोर रडणं विसरून छपराकडे बघायचं. तेवढ्यात काम झालेलं असे.

आता त्याच्या सातवीच्या निकालाची गोष्ट. निकाल लागला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. पोंक्षे मास्तरांनी सगळ्या शाळेसमोर त्याचं नाव वाचलं. जामसरहून त्याचा बाप आला होता. त्याला निकाल म्हणजे काय ते नीट कळलं नाही, पण मास्तरांनी त्याच्या हातात पेढा ठेवला तेव्हा ते कळलं. त्यानंतर महिन्याभरात संस्थानच्या दवाखान्यात देवजीला कंपाउंडरच्या हाताखाली घेतलं. पहिल्याच दिवशी तिथला एक कारकून त्याचा दाखला बघून दुसऱ्याला म्हणाला, “पहिला नंबर! जंगलातलं पोर म्हणून मास्तरांनी हात सैल सोडला असणार.”

बोलणाऱ्याच्या मनात फार काही नव्हतं. तो हसला, दुसरा हसला आणि देवजीही हसला. पण संध्याकाळी जामसरची वाट चालताना त्याला पहिल्यांदा वाटलं, असंही असेल. गणितात एक उदाहरण त्याचं अर्धवट राहिलं होतं. तरी पहिला नंबर कसा आला?

हा प्रश्न त्यानं कुणाला विचारला नाही. तो फक्त बरोबर घेऊन हिंडू लागला.

पुढे देवजी संस्थानचा व्हॅक्सिनेटर झाला. देश स्वतंत्र झाला, अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं आणि जव्हार ठाणे जिल्ह्यात गेलं. कचेरीवरचं निशाण बदललं. संस्थानच्या नोकरांना निरोप आले की आपापले दाखले घेऊन ठाण्याला या, तपासणी होईल, परीक्षा होईल, मग नव्या सरकारात सामावून घेऊ. दवाखान्यातले जुने लोक कुरकुरले. देवजी कुरकुरला नाही. तो भ्याला. आजवर आपलं संस्थानात निभावलं, तिथे ओळखीचे मास्तर होते, मायाळू डॉक्टर होते. आता खालसा, म्हणजे इंग्रजी अमलात राहिलेल्या, मुलखातले साहेब बघणार. ते एका नजरेत ओळखतील की या पोराला काही येत नाही.

ठाण्याच्या परीक्षेत तो सगळ्या संस्थानी व्हॅक्सिनेटरांत पहिला आला. तोंडी परीक्षेत साहेबांनी नऊ प्रश्न विचारले. आठांची उत्तरं त्यानं धडाधड दिली. नववा प्रश्न लस कशी तयार करतात यावर होता, तिथे तो अडखळला. परतीच्या आगगाडीत, कसाऱ्यापासून पुढे पायी, सबंध वाटभर त्याच्या डोक्यात तो नववा प्रश्न होता. आठ उत्तरांची त्याला आठवणही राहिली नाही. लेखी कागदच सोपा निघाला असेल, असं त्यानं स्वतःला सांगून टाकलं.

त्याची नेमणूक मोखाड्याला झाली. बायको हिराबाई आणि दोन लहान मुलं जामसरला, शेती सांभाळून; देवजी मोखाड्यात एका खोलीत. त्याचे वरिष्ठ टिपणीस नावाचे इन्स्पेक्टर होते. उंच, खोकणारे, सभ्य गृहस्थ. महिन्यातून एकदा ते फिरतीवर येत.

इतर ठिकाणी व्हॅक्सिनेटर गावच्या चावडीत बसत आणि पाटलाकरवी लोकांना बोलावून घेत. येतील त्यांना टोचायचं, न येतील त्यांचं नशीब. देवजी पाड्यावर जायचा, घराघरात जायचा. टोचल्यावर आठव्या दिवशी परत जाऊन दंड बघायचा असा नियमच होता. फोड धरला असेल तर काम झालं, नसेल तर पुन्हा टोचायचं. बरेचजण ही फेरी कागदावरच करत. देवजी खरोखर जायचा. दोन वर्षांत त्याच्या भागातली आकडेवारी अशी झाली की टिपणीस साहेबांनी ती दोनदा तपासली, मग स्वतः पोशेरा गावच्या चार पाड्यांवर चालत जाऊन पोरांचे दंड बघितले. सगळं बरोबर होतं.

“भोये,” ते घाम पुसत म्हणाले, “जिल्ह्यात असं काम मी पाहिलेलं नाही.”

देवजी म्हणाला, “साहेब, आमचेच लोक आहेत. ऐकतात माझं. त्यात माझं काही नाही.”

साहेबांना तो विनय वाटला. तो विनय नव्हता. देवजीला खरंच तसं वाटत होतं. आणि साहेब निघून गेल्यावर त्याला दुसरंच भय पडलं. या वेळी त्यांनी नेमके चार चांगले पाडे पाहिले. पुढच्या वेळी पाचवा पाहिला तर?

म्हणून तो आठव्या दिवसानंतर पंधराव्या दिवशी पुन्हा फेरी मारू लागला. तशी गरज नव्हती. फोड धरलेला दंड आठ दिवसांनी काही वेगळं सांगत नाही. पण बघून आलं की त्याला दोन दिवस बरं वाटायचं. मग ते बरं वाटणं एका दिवसावर आलं. मग तो महिन्यानं तिसरी फेरी मारू लागला.

बावन्न साली जव्हारकडच्या व्हॅक्सिनेटरची बदली झाली आणि जागा रिकामी राहिली. टिपणीसांनी विचारलं, “साखरशेत आणि त्या बाजूची गावं काही दिवस बघाल का?” देवजीनं लगेच हो म्हटलं. नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. आणि आपल्याला जमणार नाही हे साहेबांना आपल्याच तोंडून कळवण्यासारखं झालं असतं. काही दिवसांचं वर्ष झालं. पुढच्या वर्षी आणखी एक जागा रिकामी झाली, तीही त्याच्याकडे आली. त्यालाही तो हो म्हणाला.

हळूहळू त्याच्यात फरक पडत गेला. तो एका दिवसात झाला नाही, म्हणून कुणाच्या चटकन लक्षात आला नाही. तो वाळला. भाकरी बांधून नेलेली तशीच परत आणू लागला. जामसरला घरी आला तरी अंगणात बसून वही उघडायचा आणि नावांवरून बोट फिरवत राहायचा. धाकटी मुलगी लाडकी मांडीवर येऊन बसली तर तिला एका हातानं धरायचा, दुसऱ्यानं पान उलटायचा. हिराबाई काही विचारायला गेली तर म्हणायचा, “एवढं संपू दे.” ते कधी संपत नव्हतं.

पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावर धोंडीबाई नावाची म्हातारी होती. सुरुवातीला देवजीला पाड्यात शिरू द्यायला तिनंच अडवलं होतं आणि पुढे तिनंच सगळ्यांना ओढून आणून त्याच्यासमोर बसवलं होतं. एकदा तिच्या नातीला टोचून तो उठला. पोर हमसून हमसून रडत होती. धोंडीबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“होला नाय बोलला आज?” तिनं विचारलं.

“कसला होला?”

“अरे, तुझा. पोरांसाठी बोलतोस तो.”

देवजीला आठवेना की हे आपण शेवटचं कधी केलं होतं. तो म्हणाला, “वेळ नाही, आजी,” आणि पुढच्या घराकडे वळला. चालताना त्याला जाणवलं की पोरीचं रडणं आपल्याला ऐकू आलं, पण आत कुठे पोचलं नाही. पूर्वी पोचायचं. याचीही त्याला भीती वाटली, आणि त्यानं ती भीतीसुद्धा आपल्या उण्यांत जमा केली.

चोपन्न सालच्या शिमग्याला त्याच पाड्यावर देवी निघाल्या.

माघ्या नावाचा तरणा गडी दरवर्षी भातकापणी उरकली की वसईच्या बाजूला गवताच्या वखारीवर कामाला जाई आणि शिमग्याला परते. त्या वर्षी तो ताप घेऊनच आला. होळी पेटली त्या दिवशी तो उठला नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या कपाळावर पुरळ दिसलं. त्याची बायको सुकरी घाबरली नाही. तिनं पोराला सासूकडे ठेवलं, नवऱ्याला वेगळ्या झोपडीत घेतलं आणि देवजीला निरोप धाडला.

देवजी आला तो धावतच आला. आल्या आल्या त्यानं वही उघडली. माघ्याच्या नावापुढे तीन वर्षं त्याच्याच अक्षरात एकच शब्द लिहिलेला होता : गैरहजर. लस टोचायला देवजी हिवाळ्यात येई, तेव्हा माघ्या वखारीवर असे. एवढीच गोष्ट. पण देवजी त्या शब्दाकडे असा बघत राहिला की जणू कुणी त्याच्याविरुद्ध साक्ष लिहून ठेवली होती.

पुढचे चाळीस दिवस त्यानं काय केलं ते त्या भागात बरीच वर्षं सांगितलं जात होतं. सभोवतालच्या बावीस पाड्यांवर तो फिरला. शिमग्याला जे जे बाहेरगावाहून परतले होते त्या एकूणएकाला हुडकून टोचलं. पाड्याच्या वाटेवर काट्या घातल्या, बाजाराला जाणं बंद केलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. तीन माणसांना देवी आल्या, त्यातली दोन वाचली. माघ्या वाचला नाही. रोग मात्र त्या पाड्याबाहेर गेला नाही.

माघ्याचं सगळं आटोपल्यावर देवजी सुकरीपुढे जाऊन उभा राहिला. सुकरीच बोलली.

“डाक्तर, मी त्याला नऊ दिवस मांडीवर घेतलां. त्याचा पू पुसला, त्याच्या तोंडात पाणी घातलां. मला काय झालां नाय. माझ्या पोराला काय झालां नाय.” तिनं बाही वर करून दंड दाखवला. “हे तू केलांस. आमी दोघां तुझ्यानं राहिलों.”

देवजीनं मान हलवली. त्यानं ऐकलं होतं फक्त एवढंच की माघ्या गेला.

वैशाखात ठाण्याहून पत्र आलं. जव्हारला तालुक्याच्या कर्मचाऱ्यांचा मेळावा होता. त्यात देवजीला प्रशस्तिपत्र द्यायचं होतं, आणि त्यानं साथ कशी आटोक्यात आणली हे इतर व्हॅक्सिनेटरांना चार शब्दांत सांगायचं होतं. खाली टिपणीसांनी आपल्या हातानं लिहिलं होतं : ‘अत्यंत आनंद झाला.’

देवजीनं पत्र वाचलं आणि घडी करून वहीत खुपसलं. लोकांसमोर उभं राहायचं. कुणीतरी उठून विचारणार, मग तो माघ्या कसा सुटला? कुणीतरी विचारणार, तुमच्या सगळ्या नोंदी खऱ्या कशावरून?

मेळाव्याच्या दिवशी सकाळी त्यानं धुतलेला सदरा घातला आणि जव्हारला जायच्या आधी साखरशेतला गेला. तिथल्या अकरा पोरांना त्यानं महिन्यापूर्वी टोचलं होतं. आठव्या दिवशी बघितलं होतं, पंधराव्या दिवशी बघितलं होतं. आज कुणी विचारलंच तर ताजं उत्तर हवं, म्हणून तो पुन्हा निघाला.

साखरशेतला उन्हं चढली होती. भातरोपांची जमीन पाला जाळून भाजत होते, त्या राबाचा वास शेतातून येत होता. तुळशी नावाची बाई आपल्या खाचरात पालापाचोळा पसरत होती. तिची मुलगी रंगू बांधावर खेळत होती. देवजीनं रंगूला बोलावलं, तिचा दंड बघितला, वहीत खूण केली. दोन पावलं गेला आणि थांबला. वण नीट बघितला की नाही? तो परत आला, पुन्हा दंड बघितला. गोल, स्वच्छ वण. पुन्हा वहीत बघितलं, खूण केलेली होती. ती आताची की मघाची, ते त्याला कळेना. त्यानं तिसऱ्यांदा तिचा दंड धरला.

“आई,” रंगू ओरडली, “डाक्तर सोडत नाय!”

तुळशी हातातला पाला टाकून आली. देवजी पोरीचा दंड हलकेच धरून, डोळे फाडून त्याकडे बघत होता. तुळशीनं पोरीला बाजूला घेतलं. देवजीनं काही हरकत घेतली नाही. तो बांधावरच्या ऐनाच्या झाडाखाली जाऊन बसला.

“पाणी पितोस?” तुळशीनं विचारलं.

तो हो म्हणाला. तिनं तांब्या दिला, तो त्यानं घेतला, आणि तसाच हातात धरून राहिला. ती म्हणाली, “पी की.” तो प्यायला. मग तिनं विचारलं, “जव्हारला जायचां ना तुला? मोठा मेळावा हाय, माणसां गेली सगळी.”

“जायचंय,” तो म्हणाला.

पण उठवेना. पाय दुखत नव्हते, ताप नव्हता, चक्कर नव्हती. पिशवीकडे हात न्यायचा म्हटलं तरी हात कुठून हलवायचा तेच समजेना. तो तिथे दुपार उलटेपर्यंत बसला. तुळशीचा नवरा ढवळू जेवायला आला, त्यानं एकदा देवजीकडे पाहिलं, बैलगाडी जोडली आणि त्याला उचलून आत बसवलं. जव्हारला मेळावा झाला. त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो गाडीत आडवा पडून जामसरच्या वाटेवर होता.

घरी तो तीन आठवडे पडून होता. खायला दिलं तर खायचा, नाहीतर नाही. बोलणं जवळजवळ बंद. गावात कुजबुज झाली की कुणीतरी करणी केली असेल. डोंगरातली ईर्ष्या. सासूच्या आग्रहावरून हिराबाईनं भगताला बोलावलं. पुंजा भगत म्हातारा, आजूबाजूच्या दहा गावांत मानलेला. त्यानं सुपात तांदूळ घेतले, दाणे मांडले, मोडले, पुन्हा मांडले. देवजीची नाडी धरून बराच वेळ बसला. मग सूप बाजूला सारून म्हणाला,

“याला बाहेरचां काय नाय. हा दमलाय.”

“मग उपाय?” सासूनं विचारलं. “कोंबडा आणू?”

“कोंबडा ठेवा, अंडी देणारी कोंबडी हाय का बघा आणि याला अंडी चारा,” पुंजा म्हणाला आणि दक्षिणेचं नाव न काढता उठून गेला.

हिराबाईला त्या दिवशी पहिल्यांदा धीर आला. तिला वाटत होतं तेच भगत बोलला होता. तिनं वही उचलली आणि भाताच्या कणगीमागे ठेवून दिली. देवजीनं ते पाहिलं.

चौथ्या आठवड्यात टिपणीस साहेब आले. जव्हारपासून खटारा करून, खोकत खोकत. त्यांच्या हातात सुरळी केलेलं प्रशस्तिपत्र होतं. पडवीत घोंगडी अंथरली. हिराबाईनं कोरा चहा केला आणि दाराशी बसून राहिली. उठून आत जायचं तिच्या मनात नव्हतं.

साहेबांनी सुरळी पुढे केली. देवजीनं हात पुढे केला नाही.

“साहेब, हे माझं नव्हे,” तो म्हणाला. किती दिवसांनी तो आपण होऊन बोलत होता.

“म्हणजे?”

“मला येत नाही यातलं काही. मी आजवर निभावून नेतोय. सातवीला मास्तरांनी ढकललं. ठाण्याला कागद सोपा आला. इथे लोक आपले म्हणून दंड पुढे करतात. माघ्या माझ्या वहीत तीन वर्षं गैरहजर होता. मी वखारीवर जाऊन त्याला टोचायला हवं होतं. कुणीतरी एक दिवस हे सगळं ओळखणार, म्हणून मी…” तो थांबला. “म्हणून मी फिरत राहिलो. आता फिरवत नाही. साहेब, मला झेपत नाही.”

शेवटचं वाक्य त्यानं जमिनीकडे बघत उच्चारलं. आता साहेब उठतील, असं त्याला वाटलं. साहेब उठले नाहीत. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि चष्मा काढला.

“भोये, तुमच्याकडे तीन माणसांचं काम आहे,” ते म्हणाले. “दोन जागा रिकाम्या आहेत. वरून दरवर्षी विचारणा होते, माणसं हवीत का? आणि मी लिहितो, घाई नाही, भोये सांभाळतात. दोन वर्षं लिहितोय. तुम्ही एकदाही नाही म्हणाला नाहीत, तेव्हा मला ते सोयीचं झालं. चूक शोधायचीच असेल तर ही शोधा. ही माझी आहे.”

दारातून हिराबाई म्हणाली, “साहेब, हा नाय म्हणत नाय. याला ते शिकवलांच नाय कुणी.”

“आता म्हणाले की,” साहेब म्हणाले. त्यांनी सुरळी हिराबाईच्या हातात दिली. “बाई, हे तुम्ही ठेवा. त्यांना पाहिजे तेव्हा द्या.”

जाताना ते अंगणात थांबले आणि देवजीला म्हणाले, “मोखाड्याची बाजू तुमची. बाकीची मी काढून घेतो. आणि आठव्या दिवसानंतर पाड्यावर गेलात असं मला कळलं तर रजेवर पाठवीन.”

खटारा दिसेनासा झाला. देवजी पडवीत उभाच होता. ज्या वाक्याला तो इतकी वर्षं भीत होता ते बोलून झालं होतं, आणि समोर आंबा होता, गोठा होता, लाडकी राखेत रेघोट्या ओढत होती. सगळं जिथल्या तिथे. त्याला रडू आलं. हिराबाईनं त्याला रडू दिलं.

पण मनाला पडलेलं वळण एका दिवसात सुटत नाही. कामावर परतायच्या आधी देवजी पुन्हा अस्वस्थ झाला. तेव्हा हिराबाईच म्हणाली, “तुझा तो मास्तर जिवंत हाय ना? मग जा आणि विचार त्याला. तेरा वर्षं उरावर घेऊन बसलास.”

पोंक्षे मास्तर निवृत्त होऊन जव्हारातच राहत होते. देवजी गेला तेव्हा ते ओट्यावर बसून चिंचा फोडत होते. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि ओळखलं. देवजीनं बसल्या बसल्या विचारून टाकलं, कारण उशीर केला असता तर त्याच्यानं विचारवलं नसतं.

“मास्तर, सातवीला तुम्ही माझ्यासाठी हात सैल सोडला होता का? गणितातलं एक उदाहरण माझं अर्धवट होतं.”

मास्तरांनी विचारलं, “कुठलं उदाहरण?”

“हौदाचं. दोन नळांचं.”

“अरे, मला नाही आठवत,” मास्तर म्हणाले. खरंच आठवत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. “शेकडो पोरांचे पेपर तपासले मी. कुणाला अर्धा मार्क जास्त दिला असेल, कुणाला कमी. तुलाही दिला असेल एखादा. मग?”

“मग मी पहिला कसा?”

मास्तरांनी चिंच बाजूला ठेवली. “समज दिला एक मार्क. तो त्या दिवशी संपला. त्यानंतर तू किती पोरांना टोचलंस?”

देवजीला आकडा पाठ होता. “चौदा हजार तीनशेवर.”

“त्यांतल्या कुठल्या दंडावर माझा मार्क आहे?”

देवजीला हसू आलं. मास्तर हसले नाहीत. ते जरा रागावले होते. “आणि इतकी वर्षं मनात ठेवलंस? दुसऱ्या दिवशी येऊन विचारायचं होतंस. मला तेव्हा आठवलंही असतं.”

देवजीला हवं होतं ते उत्तर मिळालंच नाही. मास्तरांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. पण परतताना त्याच्या ध्यानात आलं की ज्या गोष्टीचा तो सबंध जन्म पुरावा शोधत होता ती दुसऱ्या कुणाच्या आठवणीतसुद्धा शिल्लक नव्हती. ती राखत बसलेला तो एकटाच होता.

तो कामावर गेला. साखरशेतच्या बाजूला मंगळू नावाचा नवा व्हॅक्सिनेटर आला, त्याला देवजीनं महिनाभर बरोबर फिरवून शिकवलं. पोशेऱ्याच्या बाबतीत त्यानं एक नवी गोष्ट केली. वखारीवर जाणाऱ्यांना तो भातकापणी उरकताच, निघायच्या आधी गाठू लागला. हे त्याला साथीच्या वेळीच सुचलं असतं, पण तेव्हा तो स्वतःला दोष देण्यात इतका गुंतला होता की उपाय शोधायला जागाच नव्हती. पहिल्या वर्षी सुकरीनंच घरोघर फिरून माणसं गोळा केली.

शंका पार गेली असं नव्हे. कुणी कौतुक केलं की ती अजून मान वर काढायची. कधी एखादा दंड बघून पुढे गेल्यावर त्याचे पाय मागे वळू पाहायचे. मग तो थांबायचा, तंबाखू मळायचा आणि पुढे चालायचा. एकदा पोशेऱ्यात एका पोराचा फोड धरला नव्हता. पोराची आई कमू काळजीनं म्हणाली, “माझां काय चुकलां का?” देवजी म्हणाला, “कुणाचं काही चुकलं नाही, बाय. कधी कधी धरत नाही. पुन्हा टोचू.” हे बोलताना आपला आवाज किती शांत आहे, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

छप्पन साली, आवणीच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, त्यानं नोकरीत पहिल्यांदाच आपण होऊन रजा मागितली. आठ दिवस. टिपणीसांनी कारण विचारलं नाही, सही केली. तो जामसरला गेला, हिराबाईबरोबर चिखलात उतरला, दोन दिवसांत कंबर धरून बसला आणि सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झाला. पाचव्या दिवशी पाऊस जोराचा होता. दुपारी नागलीची भाकर आणि करंदीचं कालवण खाऊन तो पडवीत जरा आडवा झाला. लाडकी त्याला काहीतरी सांगायला आली. हिराबाईनं तिला खूण करून मागे फिरवलं, कारण देवजी घोरत होता.